बँकॉकला जाताना बाट पुण्यातूनच घ्यावेत की डॉलर न्यावेत?

बँकॉकचं तिकीट काढलं की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "बाट (थायलंडचं चलन) इथूनच घेऊ का?" घ्या, पण दोन-तीन हजार बाटच. टॅक्सी, सिमकार्ड आणि पहिलं जेवण एवढं त्यात भागतं. आपल्याकडच्या मनी चेंजरकडे डॉलरला गिऱ्हाईक भरपूर, बाटला कमी, त्यामुळे बाटचा दर सहसा महागच पडतो.

डॉलर नेले तर पैसे दोनदा बदलावे लागतात, म्हणून ते तोट्याचं वाटतं. पण बँकॉकमध्ये या धंद्यात स्पर्धा एवढी आहे की हिशेब बहुतेक वेळा डॉलरच्याच बाजूने लागतो. नारंगी आणि हिरव्या पाटीचं 'सुपररिच' ही पैसे बदलून देणारी दोन वेगळी दुकानं आहेत. दोन्हीकडचे दर बघा. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर आल्या आल्या जे काउंटर दिसतात, तिथे थांबू नका. तळघरात रेल्वे स्टेशनजवळ जा, तिथे दर बरा मिळतो. पासपोर्ट हाताशी ठेवा.

नोटा मात्र १०० डॉलरच्याच घ्या, सुट्या नोटांना दर कमी. आणि कोऱ्या घ्या. माझ्या एका नोटेच्या कोपऱ्यावर बॉलपेनची बारीक रेघ होती. काउंटरवरच्या बाईंनी ती उजेडात धरली आणि काही न बोलता दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली. ती नोट तशीच पुण्याला परत आली.

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं. चलनाची खरेदी ५०,००० रुपयांच्या वर गेली की पैसे रोख चालत नाहीत, बँकेतून द्यावे लागतात.

आता कार्ड. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून नेलेलं कार्ड) घेताना एकच विचारा: यात बाट भरता येतात का? डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये वापरलं की बऱ्याच कार्डांवर चलनबदलाचं वेगळं शुल्क लागतं, ३.५ टक्क्यांच्या आसपास. साध्या डेबिट कार्डाचीही साधारण तीच गत. वर थाई एटीएम दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतं. २,००० बाट काढले तर ११ टक्के तिथेच गेले. २०,००० काढले तर जेमतेम एक टक्का. म्हणजे काढायचेच तर एकदाच, मोठी रक्कम. मशीन रुपयांत रक्कम दाखवून 'कन्व्हर्जन' हवंय का विचारतं, तेव्हा नाही म्हणा. तो दर त्या मशीनच्या बँकेचा असतो, आणि महाग पडतो.

क्रेडिट कार्ड हॉटेलच्या बिलाला ठीक. त्यावर रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून सुरू, त्यामुळे तो पर्याय मी धरतच नाही.

डॉलरचा आणखी एक फायदा परतल्यावर कळतो. उरलेले २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात. बाटची नाणी मात्र कोणी बदलून देत नाही, ती निघण्यापूर्वी सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातच संपवा.