जवानाची पदवी: इग्नूची सोय चांगली, पगारात मात्र एक रुपयाची वाढ नाही

नोकरीत राहून पदवी घ्यायची असेल तर भारतीय सैन्यातल्या जवानापुढे सर्वांत सरळ वाट इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची आहे. इथे त्या सोयीचं परीक्षण दोन अंगांनी केलं आहे. एक, युनिटमध्ये राहून हा अभ्यासक्रम खरोखर पुरा होतो का. आणि दोन, पुरा झाल्यावर हातात काय पडतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नीट आखणी केली तर होतो’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर थोडं कडू आहे, म्हणून आधी तेच.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचा मूळ पगार लेव्हल ३ मध्ये २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. नाईक २५,५००, हवालदार २९,२००, नायब सुभेदार ३५,४००. त्यावर ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेसाठीची वेगळी रक्कम). या सगळ्यात शिक्षणासाठी वेगळा पैसा एकाच ठिकाणी दिसतो, तो म्हणजे एक्स ग्रुप पे. एक्स ग्रुप म्हणजे जास्त पात्रता लागणाऱ्या ट्रेडचा, म्हणजे सैन्यातल्या कामांचा, गट. त्यातल्या ट्रेडमध्ये असून एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) मान्यतेच्या डिप्लोमाइतकी पात्रता असेल तर महिना ६,२०० रुपये, आणि एक्स ग्रुपमध्येच पण तेवढी पात्रता नसेल तर ३,६००. ६,२०० म्हणजे वर्षाला ७४,४००. पंधरा वर्षांत, महागाई भत्ता बाजूला ठेवला तरी, ११ लाख १६ हजार. वर ही रक्कम पेन्शनच्या हिशोबातही धरली जाते.

हा पैसा ट्रेडला बांधलेला आहे. भरतीच्या वेळी ज्या ट्रेडला ती पात्रता लागते, त्यालाच तो मिळतो. हवालदार एज्युकेशनच्या भरतीत एम.ए., एम.एस्सी. किंवा बी.एड.सह पदवी असणारा एक्स ग्रुपमध्ये जातो, कारण तिथे शिकवणं हेच काम आहे. पण मराठा लाईट इन्फन्ट्रीतल्या जनरल ड्यूटी जवानाने रात्री जागून बी.ए. केलं, तर पगारपत्रकात एका रुपयाचाही फरक पडत नाही. बढतीसाठीही त्याला लागतं ते सेनेचं स्वतःचं शिक्षण प्रमाणपत्र (एसीई), मॅप रीडिंग आणि प्रमोशन केडर (बढतीआधीचं प्रशिक्षण). तिथे बी.ए. कोणी विचारत नाही. अधिकारी व्हायचं असेल तर डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजला बारावी चालते. पदवी तिथेच तीन वर्षांत मिळते.

मग पदवी घ्यायची कशाला? बाहेर पडल्यावरच्या आयुष्यासाठी. आणि इथे जुना जवान आणि अग्निवीर (अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती होणारा जवान) यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

केंद्राचा १९८६ पासूनचा नियम असा: दहावी पास माजी सैनिकाची किमान १५ वर्षं सेवा झाली असेल, तर पदवी मागणाऱ्या गट-क पदासाठी तो पात्र धरला जातो, अट एवढीच की त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव लागत नसावा. महाराष्ट्रातही तलाठीसारख्या गट-क भरतीच्या जाहिरातींत माजी सैनिकांसाठी १५ वर्षं सेवेची हीच सवलत असते. म्हणून पंधरा-सतरा वर्षं काढून येणारे बरेच जण ‘आपल्याला ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळतंच’ म्हणून गप्प बसतात. त्या समकक्षतेची हद्द मात्र कोणी नीट समजावत नाही. ती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला चालत नाही, राज्यसेवेला चालत नाही, बँकेच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला चालत नाही, आणि तिच्यावर एम.ए. किंवा एलएल.बी.ला प्रवेशही मिळत नाही. समकक्षता म्हणजे ठरावीक नोकऱ्यांपुरती सूट आहे, पदवी नव्हे.

अग्निवीराला तर ही सूटही नाही. चार वर्षांत पंधरा वर्षं कुठून भरणार? दर तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे सेवानिधी (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम) घेऊन घरी. त्यांच्यापाशी खरी पदवी नसेल तर पदवी मागणारी प्रत्येक जाहिरात त्यांच्यासाठी बंद. म्हणून इग्नूच्या सोयीचा सगळ्यात जास्त उपयोग कोणाला असेल तर अग्निवीराला.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेबरोबरच शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी इग्नूमार्फत तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर केली. तिची रचना खरोखर विचार करून केलेली आहे. निम्मे क्रेडिट सैन्यात मिळालेल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन अशा विषयांतून मिळवायचे, शिवाय पर्यावरण आणि इंग्रजी संभाषण. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. म्हणजे मध्येच ऑपरेशनल एरियात बदली झाली तरी केलेलं वाया जात नाही.

याचा फायदा तासांत मोजून बघा. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. जुन्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण बी.ए.ला १३२ क्रेडिट, म्हणजे वर्षाला ४४, म्हणजे १,३२० तास. रोजचे साडेतीन तासांहून जास्त. सकाळी पीटी, दिवसभर ट्रेनिंग, संध्याकाळी गेम्स, रात्री गार्ड ड्यूटी, यात साडेतीन तास निघत नाहीत. सुरुवात करणारे बरेच जण दुसऱ्या वर्षी गळतात ते इथेच. अग्निवीराच्या पदवीत, १२० क्रेडिट धरले, तर स्वतः अभ्यासाने मिळवायचे ६०. वर्षाला २०, म्हणजे ६०० तास, रोजचे पावणेदोन तासांच्या आत. हे जमण्यासारखं आहे.

नियमित जवानासाठी इग्नूने कमांड मुख्यालयांशी जोडलेली लष्कराची मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रं ठेवली आहेत: पुणे, जयपूर, चंडीमंदिर, लखनौ, कोलकाता, उधमपूर. नौदलाची दिल्ली, मुंबई, कोची, विशाखापट्टणमला. नाव नोंदवताना शक्यतो याच केंद्रातून नोंदवा. गावाकडच्या नेहमीच्या केंद्रातून प्रवेश घेतला की प्रत्येक बदलीला केंद्र बदलण्याचा अर्ज आणि त्याची वाट बघणं मागे लागतं. प्रवेशाआधी कमांडिंग ऑफिसरची लेखी परवानगी घेऊन ठेवा; नंतर पदवी रेकॉर्डवर चढवताना तोच कागद कामी येतो.

आता जिथे लोक हमखास अडकतात ती जागा, असाइनमेंट, म्हणजे लिहून जमा करायचे स्वाध्याय. बहुतेक अभ्यासक्रमांत ३० टक्के वजन असाइनमेंटला आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेला असतं. पदवीला पास होण्यासाठी दोन्हींत स्वतंत्र ३५ टक्के लागतात. पेपरात ६० मिळाले आणि असाइनमेंट पोचली नाही, तर विषय अपुराच राहतो. आपल्या सत्राचीच प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायची. मागच्या वर्षीची लिहून पाठवली तर ती धरत नाहीत. स्वतःच्या अक्षरात, ए-फोर कागदावर, पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर, प्रोग्राम कोड, कोर्स कोड, अभ्यासकेंद्राचा कोड. सगळ्या विषयांच्या असाइनमेंट एका गठ्ठ्यात बांधू नका, प्रत्येक वेगळी. जमा केल्याची पावती मोबाईलमध्ये आणि ट्रंकेत, दोन्हीकडे ठेवा, कारण गुण चढले नाहीत तर दुसरा कुठलाच पुरावा नसतो.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, महिनाभर किंवा त्याहून जास्त चालतात. केंद्र परीक्षेचा फॉर्म भरतानाच निवडायचं असतं, म्हणजे दोन-तीन महिने आधी ठरवावं लागतं की त्या वेळी आपण कुठे असू. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा आहे. त्यातला एक तुकडा परीक्षेला जोडायचा असेल तर घरच्या जिल्ह्यातलं केंद्र टाका आणि रजेचा अर्ज वेळापत्रक आल्या दिवशीच द्या. सहा पेपर एकदम देण्याचा हट्ट नको. जूनला तीन, डिसेंबरला तीन असे काढा. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी मात्र चुकवू नका; मागचे पेपर राहिले असले तरी ती करता येते. तीन वर्षांच्या पदवीला साधारण सहा वर्षांची मुदत असते.

विषय निवडताना बी.एस्सी. टाळा. प्रॅक्टिकलसाठी अभ्यासकेंद्रावर सलग हजेरी लागते आणि ती युनिटमधून मिळत नाही. स्पर्धा परीक्षेकडे जायचं असेल तर इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन दुहेरी कामाचे. पुस्तकं ई-ज्ञानकोश या इग्नूच्या वेबसाइटवर फुकट आहेत. फॉरवर्ड एरियात जाण्याआधी पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) असतानाच सगळी पीडीएफ उतरवून, शक्यतो छापून घ्या.

आता मुख्य मुद्दा: या पदवीला वेगळा पगार द्यावा का? दर महिन्याला, कायमचा असा देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. कारण सरळ आहे. एकाच प्लाटूनमधले दोघे घ्या. एक पुण्यात हेडक्वार्टर्सला, दुसरा सियाचीनच्या चौकीवर. पहिल्याला रोज दोन तास आणि इंटरनेट मिळतं, दुसऱ्याला परीक्षा केंद्रापर्यंत पोचणंही अवघड. पदवीला महिन्याचा पगार बांधला तर जास्त कठीण पोस्टिंग करणाऱ्याचा पगार आयुष्यभर मागे राहील, तेही पेन्शनपर्यंत. पलटणीत हे कोणी सहन करणार नाही आणि करूही नये. दुसरं, जिथे कागदाला पैसा लागतो तिथे मान्यता नसलेल्या संस्थांचे कागद येऊ लागतात. यूजीसीला बनावट विद्यापीठांची यादी काढावी लागते ती उगाच नाही.

पण काहीच न देणं हेही अन्यायाचं आहे, आणि तोडगा सरकारच्याच दप्तरात आहे. डीओपीटीच्या (केंद्राच्या कार्मिक विभागाच्या) मार्च २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे केंद्राच्या सिव्हिल कर्मचाऱ्याला नोकरीत असताना उच्च पात्रता मिळवल्यास एकरकमी प्रोत्साहन मिळतं: तीन वर्षांपर्यंतच्या पदवी-डिप्लोमाला १०,०००, त्याहून लांबीच्या पदवीला १५,०००, एक वर्षापर्यंतच्या पदव्युत्तरला २०,०००, त्याहून जास्त मुदतीच्या पदव्युत्तरला २५,०००, पीएच.डी.ला ३०,०००. अट अशी की पात्रता कामाशी संबंधित हवी आणि सहा महिन्यांत दावा करायचा. संरक्षण मंत्रालयातल्या सिव्हिल कारकुनाला जे मिळू शकतं ते पलटणीतल्या जवानाला का नाही, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला सापडत नाही. जवानासाठी कामाशी संबंधाची अट मात्र गाळायला हवी, कारण त्याची पदवी दुसऱ्या नोकरीसाठी आहे आणि ती दुसरी नोकरी त्याला लवकर शोधायला लावणारं सरकारच आहे.

अमेरिकेच्या सैन्यातही पदवीला वेगळा मासिक पगार नाही. तिथे सेमिस्टर-तासाला २५० डॉलरपर्यंत फी सरकार भरतं आणि बढतीच्या गुणांत शिक्षण धरतं. आपल्याकडेही फी, परीक्षेसाठी रजेव्यतिरिक्त काही दिवस आणि पदवी हातात आल्यावर एकरकमी पैसे, या तीन गोष्टी पुरेशा होतील. आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आहे. माजी सैनिक संघटनांनी एक्स ग्रुपची रक्कम वाढवण्याबरोबर हीही मागणी धरावी, आणि पहिल्यांदा अग्निवीरासाठी धरावी. ३०,००० वरून ४०,००० वर जाणाऱ्या त्याच्या ठरीव पॅकेजमधून ३० टक्के सेवानिधीत कापले जातात. निदान त्याच्या फीचा बोजा तरी सरकारने उचलावा.

तोवर ज्यांची पदवी पुरी झाली आहे त्यांनी एक काम उरकून घ्यावं. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आलं की त्याची प्रत युनिटच्या ऑफिसात देऊन पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश) काढून घ्या आणि ती रेकॉर्ड ऑफिसला चढली का हे विचारून खात्री करा. नाव आधार, दहावीची मार्कशीट आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एकसारखं नसेल तर दुरुस्ती नोकरीत असतानाच करा. डिस्चार्ज बुकात शिक्षण ‘दहावी’ एवढंच राहिलं, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या नोंदणीपासून प्रत्येक अर्जाच्या कागदपत्र पडताळणीपर्यंत तेच पुढे येतं, आणि घरी बसून रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात भरतीची तारीख निघून जाते.