सांगाडा घड्याळ: पॅरिसचं घ्यावं की इंग्लंडचं?

सांगाडा घड्याळ म्हणजे आतलं यंत्र उघडं ठेवलेलं घड्याळ. पॅरिसचं असो की इंग्लंडचं, दोन्ही बहुधा काचेच्या घुमटाखाली. पण शेजारी ठेवली की इंग्लिश घड्याळाची आधी चौकट दिसते, फ्रेंच घड्याळाची आधी चाकं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या कारागिरांनी चौकट जवळजवळ पुसूनच टाकली. उलट्या ‘वाय’सारखे दोन पाय आणि खाली संगमरवराचं जोतं, बस्स. काहींत मुख्य चाकच एवढं मोठं आणि इतक्या बारीक दात्यांचं, की मधली चाकं कमी लागतात. तबकडी म्हणजे नुसतं कडं, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. पिनव्हील एस्केपमेंट (चाकांना एकेक टप्पा पुढे सोडणारी, खुंट्यांच्या चाकाची यंत्रणा) असेल तर चाकाच्या कडेवरच्या खुंट्या एकेक करून सुटताना बघत बसावं. वेळ बघायची राहून जाते.

त्यात जोसेफ कोतो (१७४०–१८०१) याचं मीनाकाम असेल तर प्रश्नच मिटला, आणि बहुधा बजेटही. फ्रेंच क्रांतीनंतर १७९३ मध्ये दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं अशी दशमान वेळ आली आणि १७९५ मध्ये गुंडाळली गेली. काही तबकड्यांवर जुनी आणि ही नवी, दोन्ही वेळा आहेत. मीन्यावरच्या केसाएवढ्या तड्याही भिंगातून बघून घ्या.

इंग्लिश सांगाडा बहरला एकोणिसाव्या शतकात. यॉर्क मिन्स्टर, लिचफील्ड अशा कॅथेड्रलांचे आकार पितळेच्या जाड पत्र्यातून कापलेले. मला ते जरा लग्नाच्या मांडवासारखे वाटतात. पण आत फ्युझी असते: शंकूवर गुंडाळलेली साखळी. पूर्ण चावी दिलेल्या स्प्रिंगचा जोर आणि उतरत आलेल्या स्प्रिंगचा जोर ती सारखा करून चाकांपर्यंत पोचवते. फ्रेंच घड्याळात सहसा फ्युझी नसते. लांब स्प्रिंगचा मधलाच भाग वापरून ते भागवतं.

पियेरे या पॅरिसच्या घड्याळजीची छोटी घड्याळं हा तिसरा मार्ग. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ती होती. लंबक रेशमी दोऱ्यावर, काहींत गजरही. सुरुवात करायला ठीक.

रोजच्या वापरात ठेवायचं असेल तर इंग्लिश घ्या. ते दणकट असतं. मी मात्र फ्रेंचच घेईन, मूळचा मुलामा शाबूत असेल तरच. तो पाऱ्यात सोनं कालवून, तापवून चढवलेला असतो. समईसारखं चिंच लावून कुणी घासलं असेल, तर तो परत येत नाही.