जुनी थार, नवी थार की जिम्नी? वापरलेली फोर बाय फोर घेताना

मुळशीच्या पलीकडे किंवा जुन्नरकडे जागा घेतलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यातच कळतं की शेवटचा टप्पा रस्त्याचा नाही, चिखलाचा आहे. मग वापरलेल्या फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणाऱ्या गाडीची, शोधाशोध सुरू होते. फॉर्च्युनरचं बजेट नसेल तर फिरून फिरून तीन गाड्या समोर येतात: २०२० पूर्वीची डिझेल थार (सीआरडीई), २०२० नंतरची थार आणि मारुतीची पाच दारी जिम्नी. जिप्सीवर जीव असणारे वेगळेच असतात, त्यांना सल्ला देऊन उपयोग नाही.

जुन्या थारचं २.५ लिटरचं डिझेल इंजिन दणकट आहे आणि गावोगावचे मेकॅनिक ते उघडू शकतात. २०१५ नंतरच्या गाडीला मागच्या डिफरन्शिअलचं (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीचं) लॉकही मिळालं. पण एअरबॅग नाहीत, कंपनीचं छप्पर कापडी आणि मागच्या सीट समोरासमोर. हार्डटॉप दिसला तर तो बाहेरून बसवलेला आहे. मुलांना घेऊन एक्स्प्रेसवेवर जायचं असेल तर ही गाडी यादीतून काढाच, माझ्या मते यात चर्चेला जागा नाही. शेतावरची दुसरी गाडी म्हणून मात्र ती अजूनही पैसे वसूल करते. पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं आहे. अनेकांनी ते बार पिळून गाडीचं नाक वर केलेलं असतं. दिसायला रुबाबदार, पण त्याने पुढच्या अॅक्सलचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटायला लागतात. वाकून बुटांभोवती ग्रीस उडालंय का ते बघा.

नाशिकला बनणारी नवी थार ही वेगळीच गाडी आहे. २.० पेट्रोल किंवा २.२ डिझेल, दोन एअरबॅग आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत चार तारे. सापळा इथेच आहे. जानेवारी २०२३ पासून हिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही विकली जाते आणि बाहेरून ती जवळपास तशीच दिसते. डिझेलच्या बाबतीत ओळख सोपी: आरसीवर १४९७ सीसी असेल तर ती फोर बाय फोर नाही, २१८४ असेल तर आहे. पेट्रोल ऑटोमॅटिकला दोन्हीकडे एकच इंजिन, त्यामुळे गिअरशेजारचा दुसरा छोटा दांडा शोधायचा. तो नसेल तर एजंट काहीही म्हणो, ती फोर बाय फोर नाही. आणखी एक गोष्ट, २०२० च्या अखेरीस बनलेल्या काही डिझेल थार कॅमशाफ्टच्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय की नाही हे चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला कळतं.

जिम्नीत ही भानगडच नाही, प्रत्येक व्हेरियंट फोर बाय फोर. वजन सुमारे १२०० किलो, त्यामुळे थार रुतते तिथून ती अनेकदा अलगद निघते. दोन्ही अॅक्सल अखंड असल्याने खाचखळग्यात चाकं सहजासहजी जमीन सोडत नाहीत. उणीव रस्त्यावर जाणवते: १.५ पेट्रोल, १०५ पीएस, चार माणसं आणि एसी लावून घाट चढताना दम लागतो. टाकी ४० लिटरची आणि ऑटोमॅटिक चारच गिअरचं. चाचणीत खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग जोरात थरथरत असेल तर पुढच्या किंगपिनच्या (ज्यावर चाक वळतं त्या खिळ्याच्या) बेअरिंगपासून बुशपर्यंत सगळं तपासून घ्या.

आता ज्यासाठी जास्त पैसे मोजायचे ते फोर बाय फोर. तिन्ही गाड्यांत ते गरजेपुरतं लावायचं आहे: टू हाय म्हणजे फक्त मागची चाकं, फोर हाय म्हणजे चारही, फोर लो म्हणजे चारही पण हळू आणि जास्त जोराने. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर हाय लावून वळवू नका, गिअरवर नाहक ताण येतो. चाचणी मातीच्या मैदानात घ्या. फोर हाय लावा, डॅशबोर्डवर दिवा लागला पाहिजे. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा: गाडी अडल्यासारखी, धक्के देत फिरली पाहिजे आणि टू हायवर येताच मोकळी झाली पाहिजे. दोन्हीत काहीच फरक नसेल तर पुढची चाकं ओढत नाहीत. नंतर थांबून, न्यूट्रलला आणून फोर लो लावा. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरशिवाय चढ चढायला हवी. दांडा घट्ट अडकत असेल तर मालकाने तो कधी वापरलेला नाही. जिम्नीला हा रोग शहरात फार. गंमत अशी की थोडीफार चिखलात गेलेली गाडी बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाडीपेक्षा इथे बरी निघते.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर फोर हायमध्ये दोन्ही अॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्याची शिक्षा ट्रान्सफर केसला, म्हणजे दोन्ही अॅक्सलना जोर वाटून देणाऱ्या पेटीला, होते.

मग गाडी रॅम्पवर घ्या. डिफरन्शिअलचा प्लग उघडून ऑईल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, ओढ्यातून किंवा पुरातून. चासीवर ताजा काळा रंग दिसला तर खाली गंज आहे असं धरून चाला. समुद्रकिनाऱ्यावर फिरवलेल्या गाडीत मीठ जोडांमध्ये बसतं आणि आतून खातं. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाशी गाळाची रेघ राहते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आठवा. नव्या थारच्या फरशीला पाणी काढायची बुचं असतात, तिथला ओलावा म्हणजे लगेच पूर नव्हे.

कागदांत इन्शुरन्सची प्रत आधी मागा. नो क्लेम बोनस शून्य असेल आणि मालक 'एक खरचटाही नाही' म्हणत असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा. मोठे टायर, बुलबार, उंची वाढवणं यावर पासिंगला आणि क्लेमला अडचण येऊ शकते. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. दिल्ली पासिंगची सीआरडीई स्वस्त मिळते, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई बरीचशी विरते.

किमतीबद्दल एवढंच: जिम्नी १२.७४ लाखांपासून आली होती आणि काही महिन्यांतच थंडर एडिशन १०.७४ लाखांपासून मिळू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दरही बदलले. तेव्हा मालकाच्या जुन्या बिलावरून नाही, आजच्या शोरूमच्या कोटेशनवरून खाली यायचं. मला विचाराल तर शेत आणि घर दोन्हीला एकच गाडी हवी असेल तर २.२ डिझेल थार घ्या. शहरात राहून चार-सहा वेळा चिखलात जायचं असेल तर जिम्नी. गाडी रॅम्पवर चढवू न देणाऱ्याशी भाव करत बसू नका.