तास संपल्यावर कोण थांबते? चार प्रकारच्या विद्यापीठीय शिक्षणाचा आमचा अनुभव

आमच्या घरातील तिघांनी चार वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी उच्च शिक्षण घेतले. मी एका संलग्न महाविद्यालयातून पदवी घेतली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील विभागातून एम. ए. केले, धाकटा भाऊ खासगी विद्यापीठात शिकला आणि आईने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण केले. शुल्क, मानांकन आणि नोकऱ्यांची माहिती कुठेही मिळते. विद्यार्थी तिथे आनंदात असतो का, हे मात्र प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. माझी कसोटी एकच आहे : तास संपल्यावर विद्यार्थी तिथे थांबतो का?

महाविद्यालयात आम्ही थांबत नसू. शेवटचा तास झाला की एसटी गाठायची. तीन वर्षांत माझ्या मुख्य विषयाला चार प्राध्यापक लाभले, सगळे तासिका तत्त्वावरचे. ते मनापासून शिकवत, पण त्यांनाही पुढच्या तासासाठी दुसरे महाविद्यालय गाठायचे असे. त्यामुळे ओळख होईपर्यंत वर्ष संपून जाई.

पुणे विद्यापीठात याच्या अगदी उलट घडले. 1949 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार सुमारे 411 एकरांचे आहे आणि त्यात विनामूल्य बसता येईल अशा जागा जितक्या आहेत, तितक्या मी अन्यत्र पाहिल्या नाहीत. जयकर ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, प्रबंध लिहिणारी आणि नुसती कादंबरी वाचणारी मुले एकाच टेबलावर बसलेली असत. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम केल्यामुळे जेवणाच्या डब्याचे पैसे घरी मागावे लागले नाहीत, आणि त्या वयात यातून मिळणारे समाधान किती मोठे असते, हे ज्याने घरची ओढाताण पाहिली आहे त्यालाच कळेल. एवढ्या मोठ्या आवारात एकटे पडणेही सोपे असते, हे खरे. पहिले दोन महिने मी जवळजवळ कुणाशी बोललो नव्हतो. पुढे एका सायंकाळी चहाच्या वेळी ग्रंथालयातल्या शेजाऱ्याने हाक मारली आणि त्यानंतर मी कधी एकटा बसलो नाही.

भावाच्या विद्यापीठात निकाल वेळेवर लागत आणि दर पंधरा दिवसांनी एक मार्गदर्शक प्राध्यापक त्याची चौकशी करीत. हे दोन्ही मला मिळाले नव्हते, म्हणून त्यांचे मोल मी जाणतो. परंतु सकाळी बोटाचा ठसा देऊन सुरू झालेला त्याचा दिवस सव्वापाचच्या बसने संपत असे, आणि मधल्या वेळात स्वतःचा असा अर्धा तासही उरत नसे. दुसऱ्या वर्षी त्याची झोप उडाली, तेव्हा समुपदेशकाची भेट मिळायला तीन आठवडे लागले. ही गोष्ट मला आजही सलते.

सर्वांत अधिक आनंदी विद्यार्थिनी मात्र आईच होती. नववीत शाळा सुटलेल्या आईने तेव्हाच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीला प्रवेश मिळवला. नाशिकला मुख्यालय असलेल्या आणि 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आमच्या स्वयंपाकघरात शब्दशः खरे ठरले, कारण घरपोच आलेली अभ्यासाची पुस्तके ओट्याशेजारच्या फडताळातच असत. तिच्या वाट्याला आवार नाही, वसतिगृह नाही, रोजचे तास नाहीत. तरीही अभ्यासकेंद्रातले रविवारचे संपर्क सत्र तिने तापातसुद्धा चुकवले नाही. तिथे अंगणवाडी सेविका होत्या, एक पोलीस शिपाई होता, सुनेबरोबर शिकायला आलेली एक सासू होती.

सत्र दीड वाजता संपत असे. मी दोन वाजता आईला आणायला जाई, तेव्हा ती सगळी मंडळी अभ्यासकेंद्र असलेल्या महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर डबे उघडून गृहपाठाची उत्तरे पडताळत बसलेली असत, आणि आई मला हातानेच खूण करी : अजून थोडे थांब.