बीई ८० (टी): इव्हेंटिंगच्या पहिल्या स्पर्धेतला आमचा दिवस

इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या खेळातील, ब्रिटिश इव्हेंटिंग या संस्थेच्या स्पर्धांतल्या 'बीई ८० (टी)' या सुरुवातीच्या वर्गात आमची चौदा वर्षांची मुलगी मे महिन्यात पहिल्यांदा उतरली, आणि त्या एका दिवसासाठी प्रवेशशुल्क, दिवसापुरते सदस्यत्व, घोड्याच्या व्हॅनचे भाडे आणि डिझेल मिळून आमचे जवळजवळ तीनशे पौंड खर्च झाले. या पैशांत नेमके काय मिळाले, कुठे कमी पडले आणि आमच्यासारख्या कुटुंबाने हा खर्च करावा का, हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत आधीच सांगते. करावा, आणि तो मुख्यतः वर्गाच्या नावातल्या त्या कंसातल्या 'टी'साठी करावा. हा 'टी' म्हणजे 'ट्रेनिंग'. या वर्गातील स्पर्धकांना स्पर्धेच्याच दिवशी, मैदानावरच, संस्थेच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळते.

आमच्यासारखे कुटुंब म्हणजे कसे, तेही सांगायला हवे. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पागेत वाढलेली माणसे पुष्कळ भेटतात. आमची घोड्याशी ओळख माथेरानच्या लाल मातीतल्या रपेटीपलीकडे नव्हती. मुलीला हा नाद लागला तो २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये फवाद मिर्झा हे भारतीय घोडेस्वार तिन्ही कसोट्या पार करून तेविसावे आले, ते टीव्हीवर पाहताना. याच मिर्झांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत वैयक्तिक रौप्यपदक मिळवले होते. त्याआधी या खेळातली भारताची वैयक्तिक पदके १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेतली, त्यांतले सुवर्ण रघुबीर सिंग यांचे. मुलीने हे सारे शोधून वाचले आणि मग शनिवारच्या शिकवणीचा हट्ट धरला. आज जवळच्या एका पागेतली कॉनेमारा जातीची करडी पोनी आम्ही दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर भागीत सांभाळतो. आठवड्यातले तीन दिवस तिचा दाणावैरण आणि खरारा आमच्याकडे असतो.

इव्हेंटिंगमध्ये एकाच स्वाराला एकाच घोड्यावर तीन कसोट्या द्याव्या लागतात. ड्रेसाजमध्ये घोड्याची आज्ञाधारकता, शो जंपिंगमध्ये त्याचा नेमकेपणा आणि क्रॉस कंट्रीमध्ये धाडस आणि दम पाहिला जातो. लष्करातील घोडदळाच्या परीक्षेतून हा खेळ घडला आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून तो तिथे आहे. मोठ्या स्पर्धा तीन-चार दिवस चालतात, पण इथल्या खालच्या वर्गांत तिन्ही कसोट्या एकाच दिवसात होतात. आमच्या वर्गात क्रॉस कंट्रीचे अडथळे जास्तीत जास्त ८० सेंटिमीटर उंचीचे असतात, त्यावरूनच वर्गाचे नाव पडले आहे. शो जंपिंगचे अडथळे ८५ सेंटिमीटरपर्यंत जातात. वाचताना ही उंची किरकोळ वाटते, परंतु जमिनीत पक्का रोवलेला लाकडी ओंडका आपल्या मुलीच्या पुढ्यात दिसतो तेव्हा तो आकडा पुरेसा मोठा असतो.

पहाटे साडेचारला पागेत पोचलो. सासूबाई त्या वेळी साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या आणि त्याही हट्टाने बरोबर निघाल्या. ड्रेसाजसाठी पोनीच्या आयाळीच्या वेण्या घालण्याची इथे पद्धत आहे. मी आदल्या आठवड्यात दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा वेण्या तासाभरात सुटल्या होत्या. पागेतल्या पिवळ्या दिव्याखाली माझी खटपट थोडा वेळ पाहून सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते." त्यांनी ओल्या स्पंजने आयाळ बसवून घेतली, फणीच्या रुंदीएवढे केस मोजून वेगळे केले, प्रत्येक पेड घट्ट ओढून वेणी घातली, टोकाला बारीक रबर लावले आणि वेणी दोनदा दुमडून मानेशी गाठीसारखी बसवली. अशा अकरा वेण्या झाल्या. पोनी मान खाली घालून डोळे अर्धवट मिटून उभी होती आणि मुलगी तिच्या नाकाशी हात धरून उभी होती. क्रॉस कंट्रीआधी त्या वेण्या सोडाव्या लागल्या, तोवर एकही सैल झाली नव्हती.

व्हॅनबद्दल मात्र तक्रार आहे. साडेतीन टनांची घोड्याची व्हॅन साध्या कारच्या परवान्यावर चालवता येते, म्हणून आम्ही ती एका भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाकडून घेतली. मैदानावर पोचल्यावर उतरणीच्या फळीचा खटका गंजून अडकलेला निघाला. वीस मिनिटे पोनी आत खूर आपटत राहिली आणि शेवटी शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी हातोडीने तो मोकळा करून दिला. घोड्यासारखा प्राणी आत बंद असताना हा प्रकार निव्वळ गैरसोयीचा राहत नाही, तो धोक्याचा होतो. व्हॅन ताब्यात घेताना फळी स्वतःच्या हातांनी दोनदा उघडूनमिटून पाहावी आणि रिकाम्या गाडीचे वजन व तिची भारक्षमता कागदावर मागावी, कारण दोन थोराड घोडे, खोगिरे आणि माणसे मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

स्पर्धेच्या व्यवस्थापनाने आमचे पुष्कळ चांगले केले, पण सर्वांत मोलाची गोष्ट त्यांनी जवळजवळ लपवून ठेवली होती. आधी आलेल्या दोन्ही ईमेलमध्ये वेळापत्रक, गाड्या लावण्याची जागा, पोनीचा पासपोर्ट म्हणजे तिचे ओळखपत्र आणि लसीकरणाची नोंद यांबद्दल स्पष्ट सूचना होत्या. प्रशिक्षक कुठे आणि केव्हा भेटतील याबद्दल एक ओळही नव्हती. सचिवांच्या तंबूत क्रमांक घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सहज विचारले की आठ वाजता प्रशिक्षकांबरोबर मार्ग पायी पाहायचा असतो, त्या मार्गफेरीला तुम्ही येणार ना. तेव्हा पावणेआठ वाजले होते. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुली तोवर आपापल्या पालकांबरोबर मार्ग पाहून परतल्या होत्या. पहिल्यांदा येणाऱ्या ज्या कुटुंबांसाठी ही सोय केली आहे, नेमक्या त्यांनाच तिची माहिती नसणे ही मला त्या दिवसातली खरी उणीव वाटली.

त्या मार्गफेरीबद्दल मात्र कितीही लिहिले तरी थोडेच आहे. क्रॉस कंट्रीचा मार्ग घोड्याला आधी दाखवता येत नाही. स्वाराने तो पायी चालून डोक्यात बसवायचा असतो. आमचा मार्ग २,१७५ मीटरचा आणि अठरा अडथळ्यांचा होता, या वर्गाचा ठरलेला वेग मिनिटाला ४३५ मीटर, म्हणजे नेमकी पाच मिनिटे. प्रशिक्षक बाईंबरोबर आम्ही सहा कुटुंबे निघालो. प्रत्येक अडथळ्याच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला पांढरे निशाण असते आणि त्यांच्या मधूनच उडी घ्यायची असते, इतके मुलीला ठाऊक होते. या बाईंनी तिला अडथळ्याकडे घोड्याच्या नजरेने पाहायला शिकवले. पाण्याच्या डबक्यापाशी त्यांनी सगळ्या मुलींना काठावर उभे करून विचारले की तुम्हांला काय दिसते. सगळ्यांनी पाणी म्हणून सांगितले. मग त्यांनी पलीकडच्या तीरावरचे एक ओकचे झाड दाखवले आणि दुडक्या चालीने आत शिरताना नजर त्या झाडावरून हलवू नका, पाण्याकडे बघाल तर पोनीही पाण्याकडेच बघेल, असे बजावले.

तेराव्या अडथळ्यापाशी त्या सर्वांत जास्त वेळ थांबल्या. झाडीच्या तोंडाशी लाकडी घरकुलासारखा एक छोटा अडथळा होता, उंचीने आणि आकाराने अगदी सोपा. पण त्याच्या अलीकडे लख्ख ऊन होते आणि पलीकडे गर्द सावली. उजेडातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला माणसाच्या डोळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे आपल्याला दिसणारी पलीकडची पायवाट त्याला त्या क्षणी दिसतच नाही. त्याला तिथे फक्त काळे भोक दिसते. म्हणून दहा-बारा पावले आधीच वेग आवरायचा, पाय घट्ट ठेवायचे आणि त्याला बघायला वेळ द्यायचा. हे ऐकताना माझे पती वाकून, घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्या झाडीकडे पाहत होते. एरवी एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाच्या तासाभरासाठी बरेच पैसे मोजावे लागतात. या फेरीचे वेगळे शुल्क आम्हांला पडले नाही.

ड्रेसाज पावणेदहाला झाले. वीस बाय चाळीस मीटरच्या आखलेल्या चौकटीबाहेर परीक्षक आपल्या मोटारीतच बसलेले होते आणि सुरुवातीची खूण म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला. पोनी दचकली नाही, आम्हीच दचकलो. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण असतात, त्यांची टक्केवारी काढतात आणि ती शंभरातून वजा करून जे उरते ते दंडगुण धरतात, म्हणजे जितके कमी तितके चांगले. मुलीला ६५.५ टक्के मिळाले, दंडगुण ३४.५. दुपारी परीक्षकांचे शेरेपत्रक हातात मिळाले, ते आम्ही जपून ठेवले आहे. मोकळ्या चालीला साडेसात गुण आणि 'छान मोकळी पावले', कँटरला, म्हणजे दौडीच्या चालीला, सुरुवात करताना पाच आणि 'घाई झाली'. दोन्ही शेरे अगदी खरे होते. शो जंपिंगबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एक दांडी पडली, चार दंडगुण.

क्रॉस कंट्रीसाठी निघण्यापूर्वी स्वाराच्या अंगावर बॉडी प्रोटेक्टर, दंडावर वैद्यकीय माहितीचे कार्ड आणि तपासून खूण लावलेले शिरस्त्राण आहे ना, हे पाहिले जाते. ही तपासणी आमच्या डोळ्यांसमोर नीट आणि न घाईने झाली, याचे मला फार समाधान वाटले. मार्गावर प्रत्येक अडथळ्यापाशी एक स्वयंसेवक पंच होता. तेराव्यापाशी पांढऱ्या केसांच्या एक आजी घडीच्या खुर्चीवर पायांवर ब्लँकेट घेऊन बसल्या होत्या, गळ्यात शिट्टी, मांडीवर नोंदीचा कागद, शेजारी वायरलेस. सासूबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी घोडा येत असल्याची शिट्टी वाजली की त्या आजी सासूबाईंचा हात धरून त्यांना दोरीच्या मागे घेत. असे दिवसभर थंडीवाऱ्यात बसणारे लोक नसतील तर ही स्पर्धा एक तासही चालू शकणार नाही.

मुलगी पाण्यातून सरळ, मान वर ठेवून गेली. त्या ओकच्या झाडाकडे पाहत होती, हे आम्हांला लांबूनही कळत होते. तेराव्यापाशी पोनी थांबली. मुलीने मागे वळवून तिला घरकुलासमोर क्षणभर उभे केले, झाडीकडे बघू दिले, मग पुन्हा आणले आणि पोनीने सावकाश उडी घेतली. पहिल्या नकाराचे वीस दंडगुण, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा एकतीस सेकंद जास्त लागल्यामुळे सेकंदाला ०.४ या हिशेबाने आणखी १२.४. एकूण ७०.९. वर्गात आम्ही शेवटून चौथे आलो. घोड्यावरून उतरल्यावर तिचे पहिले वाक्य होते, "आई, त्यांनी सांगितलं होतं ना, तिला दिसत नाही म्हणून. मीच वेग आवरला नाही." प्रशिक्षक बाई अंतिम रेषेपाशी आल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी तिने पोनीला बघायला वेळ दिला याबद्दल त्यांनी तिचे मनापासून कौतुक केले. क्रमांकाविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

खाण्याची सोय ठीक होती, शाकाहारी माणसाला चिप्स आणि चीज टोस्टपलीकडे फारसे काही नव्हते. डबा बरोबर न्यावा. आमच्या थालीपिठांचा शेजारच्या हातोडीवाल्या गृहस्थांनीही आनंदाने समाचार घेतला. गाड्या लावण्याच्या शेतात चिखल होता, परंतु ट्रॅक्टर तयार ठेवलेला होता. स्वच्छतागृहे पुरेशी होती. निकाल फोनवर कसोटीगणिक दिसत होते, त्यामुळे फलकापाशी गर्दी झाली नाही.

घरी घोडा नाही, घराण्यात कोणी स्वार नाही, आणि मुलाला या खेळात उतरायचे आहे, अशा कुटुंबाने पहिली स्पर्धा याच वर्गात खेळावी असे मी सुचवेन. प्रवेश घेतल्याबरोबर सचिवांना ईमेल पाठवून प्रशिक्षकाच्या मार्गफेरीची वेळ विचारावी, उत्तर न आल्यास फोन करावा, आणि त्या वेळेच्या किमान तासभर आधी पोचावे. आयोजकांना मी ही उणीव लेखी कळवली, आणि पुढच्या वेळापत्रकात ही वेळ छापू असे त्यांचे उत्तर दोन दिवसांत आले. सप्टेंबरच्या स्पर्धेसाठी आम्ही त्याच मैदानावर, त्याच वर्गात पुन्हा नाव दिले आहे. सासूबाई तोवर साताऱ्याला परतलेल्या असतील, म्हणून मुलगी सध्या दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून वेण्या शिकते आहे.