ईडी, ईए की रेग्युलर? १ नोव्हेंबरच्या आधी ठरवायचा मार्ग

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे सीनियर इयरमध्ये, मूल असलेल्या घरी सप्टेंबर लागला की जेवणाच्या टेबलावर एकच विषय रोज निघतो. महाविद्यालयांची यादी उन्हाळ्यातच बहुतेक झालेली असते. अर्ज कोणत्या मार्गाने करायचा, हे मात्र ठरलेले नसते. मार्ग तीन आहेत. अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी, यात एकाच महाविद्यालयाला अर्ज करताना ‘प्रवेश मिळाला तर तो घेईनच’ असे आधी लिहून द्यावे लागते. अर्ली ॲक्शन, म्हणजे ईए, यात अर्ज लवकर जातो, उत्तर लवकर येते, पण बंधन नसते. रेग्युलर डिसिजनमध्ये अर्ज साधारणपणे जानेवारीच्या सुरुवातीला जातो, उत्तर मार्चअखेरपर्यंत येते आणि निवडीसाठी १ मेपर्यंत वेळ मिळतो. (पुण्यातल्या आजीला फोनवर ‘नातीची ईडी लागली’ असे सांगण्याआधी भारतात त्या दोन अक्षरांचा अर्थ काय घेतला जातो, याचे भान ठेवलेले बरे.)

ज्यांच्या भाच्या-पुतण्यांनी अलीकडे महाराष्ट्रात सीईटी देऊन अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे, त्यांना ईडीचे बंधन ओळखीचे वाटेल. कॅपच्या, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेरीचा रस्ता बंद होतो. साम्य एवढेच आहे. कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना त्या महाविद्यालयाचे शुल्क माहीत असते, कारण ते शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेले असते. ईडीत आधी सही होते आणि आपल्या घराला नेमके किती भरावे लागणार, हे प्रवेशाच्या निकालासोबत कळते. तिन्ही मार्गांची तुलना करताना मी प्रवेशाच्या शक्यतेपेक्षा या फरकाला अधिक महत्त्व देतो, आणि पुढचे सारे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

ईडी: सहीची किंमत

ईडीच्या करारावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेच्या कौन्सेलरची. आमच्या मोठ्या मुलाच्या वेळी ३१ ऑक्टोबरच्या रात्री पावणेबारा वाजता आम्ही दोघे नवरा-बायको त्या चौकटीसमोर बसलो होतो. नाव टंकायला दहा सेकंद लागतात. त्याआधी अर्धा तास आम्ही एकमेकांना एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत होतो: मदत म्हणून एक डॉलरही मिळाला नाही, तरी हे पेलेल का? हा प्रश्न आम्ही ऑगस्टमध्येच विचारायला हवा होता.

ऑगस्टमध्ये त्याचे बऱ्यापैकी उत्तर मिळू शकते. केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणे २०११पासून बंधनकारक आहे. त्यात उत्पन्न, बचत आणि कुटुंबातील माणसे भरली की आपल्याला पडणाऱ्या खर्चाचा अंदाज येतो. तो भरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी मदतीसाठी भरायच्या फाफ्सा अर्जात राहत्या घराची किंमत धरली जात नाही. पण अनेक खासगी महाविद्यालये मदतीसाठी कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्जही मागतात आणि त्यांपैकी बरीचशी घरात अडकलेला पैसाही मोजतात. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या घराचे मूल्य दुप्पट झाले असेल, तर ती वाढ खर्च करता येत नसली तरी हिशेबात शिरते. शिवाय २०२४-२५पासूनच्या नव्या सूत्रानुसार एकाच वेळी दोन भावंडे कॉलेजात असली तरी फाफ्सामध्ये पूर्वीसारखी सूट मिळत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की ईडी दोन टोकांच्या कुटुंबांना मानवते. एक टोक पूर्ण खर्च बिनधास्त भरू शकणाऱ्यांचे. अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत शिकवणी, राहणे आणि जेवण मिळून तो वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे आणि काही ठिकाणी ९०,०००ही ओलांडले आहेत. दुसरे टोक कमी उत्पन्नाचे, जिथे गरजेइतकी पूर्ण मदत देणाऱ्या महाविद्यालयाचा कॅल्क्युलेटर अगदी लहान आकडा दाखवतो. दोघांचा पगार चांगला असलेली, घराचा हप्ता चालू असलेली आणि धाकटे भावंड नववीत असलेली आपली नेहमीची मराठी घरे या दोन टोकांच्या मधोमध येतात. गरज सिद्ध होत नाही आणि पूर्ण पैसे भरताना सेवानिवृत्तीची पुंजी फोडावी लागते. आयव्ही लीगची आठही विद्यापीठे केवळ गरजेवर आधारित मदत देतात, गुणवत्तेसाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हेही या घरांनी ध्यानात घ्यावे.

दिलेली मदत अपुरी पडली तर ईडीच्या बंधनातून सोडवून घेता येते, हे खरे आहे. त्यासाठी कोणी कोर्टात खेचत नाही. परंतु तोवर डिसेंबरचा मध्य उलटलेला असतो, हाती तुलनेसाठी दुसरे देकार फारसे नसतात आणि ‘मदत अपुरी आहे’ हे आकड्यांनिशी पटवावे लागते. कॅल्क्युलेटरने जो आकडा ऑगस्टमध्येच दाखवला होता, त्याच आकड्याची तक्रार डिसेंबरात करणे अवघड जाते.

मग लोक ईडी का करतात? कारण जागा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारखे (पेन) विद्यापीठ आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गातल्या सुमारे निम्म्या जागा ईडीतूनच भरते, आणि ईडीतल्या प्रवेशाची टक्केवारी रेग्युलरपेक्षा ठळकपणे जास्त दिसते. त्या टक्केवारीत आधीच निवडलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलेही असतात, म्हणून खरा फायदा कागदावर दिसतो त्याहून कमी असतो. पण तो अगदीच नसतो असे नाही.

ईए: आपल्यापैकी बहुतेकांसाठी

ईएमध्ये घाई तेवढीच, जोखीम मात्र नाही. पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉयचे अर्बाना-शॅम्पेन या सार्वजनिक विद्यापीठांची ईएची तारीख १ नोव्हेंबरच्या आसपास असते. तिथे कॉम्प्युटर सायन्सकडे डोळे लावून बसलेल्या मुलांनी ही तारीख चुकवू नये, कारण इलिनॉयमध्ये त्या विषयाला थेट पहिल्या वर्षीच प्रवेश घ्यावा लागतो आणि ‘आत शिरू, मग शाखा बदलू’ हा आपला आवडता मार्ग तिथे जवळपास बंद आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या यूएससीत गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी विचार व्हायचा असेल, तर अर्ज नोव्हेंबरच्या मुदतीतच जावा लागतो. मधल्या उत्पन्नाच्या घरासाठी अशी शिष्यवृत्ती कित्येकदा मोठ्या नावापेक्षा मोलाची ठरते.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा ईए मात्र वेगळ्या जातीचा आहे. प्रवेश घेण्याचे बंधन नाही, पण त्या काळात दुसऱ्या खासगी विद्यापीठाला लवकरचा अर्ज करता येत नाही. सार्वजनिक विद्यापीठांना बहुधा मोकळीक असते. एमआयटीचा ईए साधा आहे, त्याला ही अट नाही. गंमत अशी की लवकरचे अर्ज सधन मुलांना झुकते माप देतात, असे म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले होते आणि २०११मध्ये ते पुन्हा सुरू केले.

ईडी आणि ईए एकमेकांच्या आड येतातच असे नाही. एका ठिकाणी ईडी आणि तीन-चार सार्वजनिक विद्यापीठांत ईए, असे एकत्र करता येते. ईडी लागली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. त्यात पिट्सबर्गसारखे येतील तसे अर्ज तपासणारे एखादे विद्यापीठ घातले, तर हाती एक होकार लवकर पडू शकतो. तसे झाले की घरातला आवाज दोन पट्ट्या खाली येतो, हे स्वानुभवाने सांगतो.

रेग्युलर: उशीर आणि त्याचे लाभ

ज्या मुलाचे अकरावीचे गुण डळमळीत होते आणि बारावीच्या पहिल्या सत्रात गाडी रुळावर आली आहे, त्याच्यासाठी रेग्युलर हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण त्या सत्राचा निकाल अर्जासोबत पाहिला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बाबतीत हा हिशेब लागू होत नाही. तिथे लवकरचा मार्ग नाही, अर्ज नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास बंद होतात, एसएटीचे गुण प्रवेशासाठी पाहिलेच जात नाहीत आणि अर्जातली सरासरी दहावी-अकरावीच्या गुणांवर काढली जाते.

रेग्युलरचा मोठा लाभ एप्रिलमध्ये दिसतो. चार महाविद्यालयांची मदतीची पत्रे शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि एकाचे पत्र दाखवून दुसऱ्याकडे फेरविचाराची विनंतीही करता येते. ईडीत ही संधी स्वतःहून सोडून द्यावी लागते.

कामाचा भार मात्र तिन्ही मार्गांत वेगवेगळ्या वेळी अंगावर येतो. कॉमन ॲप, म्हणजे अनेक महाविद्यालयांना चालणारा सामाईक अर्ज, त्याचा ६५० शब्दांचा निबंध सगळीकडे चालतो. पण प्रत्येक महाविद्यालयाचे जोडनिबंध वेगळे, आणि दहापर्यंत उपक्रमांच्या वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरे. चार वर्षे दर रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवली, हे त्या १५० अक्षरांत बसवताना आमच्या मुलाने अकरा खर्डे केले. ईडीचे उत्तर डिसेंबरच्या मध्यास येते आणि रेग्युलरची मुदत १ जानेवारीच्या सुमारास संपते. नकार आला तर हाती दोन आठवडे आणि लिहायला आठ-दहा निबंध, तेही दुखावलेल्या मनाने. म्हणून ईडी करणाऱ्याने रेग्युलरचे निबंध निदान कच्चे तरी नोव्हेंबरातच लिहून ठेवावेत.

एच-४वरील मुलांसाठी वेगळा हिशेब

ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या घरांतली मुले बहुधा एच-४ व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असतात आणि त्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांना मिळते. अनेक खासगी महाविद्यालये अशा मुलांना मदतीच्या बाबतीत परदेशी अर्जदारांमध्ये गणतात, आणि बऱ्याच ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली की ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयातही विचारात घेतली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ आणि ॲमहर्स्ट यांच्यासारखी काही मोजकी महाविद्यालये याला अपवाद आहेत. त्यातच एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे पदवीच्या मध्यावर व्हिसा बदलण्याची वेळ येते. या घरांसाठी माझा कल उघडपणे आपल्या राज्यातल्या विद्यापीठाच्या ईएकडे आहे, कारण एच-४वरील रहिवाशांना राज्याच्या सवलतीच्या दरात शिकू देणारी राज्ये बरीच आहेत. आपल्या राज्याचा नियम मात्र विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावा.

राहता राहिली ईडी टू, म्हणजे ईडीची दुसरी फेरी. तिची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि उत्तर फेब्रुवारीच्या मध्यास येते. पहिल्या ठिकाणचा नकार पचलेला नसताना मुले रागाने किंवा घाबरून यादीतले पुढचे नाव टाकतात, आणि पालकही ‘निदान हे तरी’ म्हणून सही करतात. बंधन तेच असते, महाविद्यालय मात्र दुसरे, आणि त्याचे मदतीचे सूत्रही दुसरे. त्यामुळे ऑगस्टमध्ये पहिल्या महाविद्यालयासाठी भरलेला कॅल्क्युलेटरचा आकडा इथे चालणार नाही. नाताळच्या सुट्टीत नव्या महाविद्यालयाचा कॅल्क्युलेटर उघडून सगळे आकडे पुन्हा भरावेत, आणि त्यानंतरच सहीची चौकट उघडावी.