बेळगावहून जुन्या मोटारी बघायला जायचं तर कुठं? म्हैसूर, धर्मस्थळ, कोईमतूर की नगर

बेळगावात मोटारींचं संग्रहालय नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेले आणि लेथवर उतरवलेले सुटे भाग कुठल्या कुठं जातात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं तेही याच गावात, तरी जुनी मोटार डोळे भरून बघायची तर आपल्याला बाहेरच पडावं लागतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींचंही तेच.

आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: तिथं गाड्या किती आहेत? माझ्या मते तो सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. तीस-चाळीस गाड्यांनंतर डोळे थकतात, नुसतं क्रोम चकाकत राहतं. त्यापेक्षा दोन गोष्टी आधी ठरवा. बरोबर कोण येणार, आणि तुम्हाला गाडीचा थाट बघायचाय की तिच्या पोटातलं यंत्र?

थाट बघायचा असेल तर श्रीरंगपट्टणजवळचं ‘पयण’ हे मोटारींचं संग्रहालय. बेंगळूर-म्हैसूर महामार्गावर, अलीकडच्या काही वर्षांतच सुरू झालेलं. धर्मस्थळचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांना जुन्या मोटारींचा नाद फार वर्षांपासूनचा. त्यांच्या संग्रहातल्या सत्तरच्या आसपास गाड्या इथं मांडल्यात. मोठा फायदा म्हणजे ही वारी एकट्या मोटारींसाठी करावी लागत नाही. बेळगावहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे. नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी बेंगळूर गाठायचं आणि पुढं म्हैसूरची गाडी धरायची. घरच्यांना राजवाडा आणि प्राणिसंग्रहालय, मुलांना 1979 पासूनचं म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय, आणि तुम्हाला अर्धा दिवस मोटारी. सहकुटुंब जाणाऱ्यांनी फार डोकं खाजवू नये, हेच निवडावं.

धर्मस्थळलाही ‘मंजूषा’ संग्रहालय आणि जुन्या मोटारी आहेत, नाद त्याच माणसाचा. फरक वातावरणाचा. मंजूषात नाणी, ताडपत्रं, देवळातले रथ, कॅमेरे, काय काय दाटीवाटीनं आहे, त्यामुळं मोटारींपर्यंत पोचेस्तोवर लक्ष शंभर ठिकाणी फुटलेलं असतं. पण सीमाभागातली किती घरं, विशेषतः जैन घरं, मंजुनाथाच्या आणि 39 फुटी बाहुबलीच्या दर्शनाला जातच असतात. तुम्ही त्यातले असाल तर अन्नछत्रात जेवा, दुपार मोटारींना द्या आणि पयणसाठी वेगळा खर्च करू नका. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हेच सोयीचं. फक्त मोटारींसाठी म्हणून मात्र घाट उतरून धर्मस्थळला जाऊ नये. पावसाळ्यात तर नाहीच.

आता कोईमतूर. बेळगावहून सगळ्यात लांब आणि आडवळणाचं, बेंगळूरहून पुढं आणखी एक प्रवास. तरीही उद्यमबागेत, मच्छेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत ज्यांचे हात तेलानं काळे होतात त्यांना मी आधी तिथंच पाठवीन. कारण ते संग्रहालय ज्या माणसाच्या वारशातून आलं, तो माणूस. जी. डी. नायडू, जन्म 1893. शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसानं 1920 साली पोल्लाची ते पळणी अशी बस सुरू केली आणि ती स्वतः चालवली. पुढं बसचा मोठा ताफा उभा केला, 1937 मध्ये विजेची मोटर बनवली, विजेवरचा वस्तरा काढला. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं 2015 मध्ये अविनाशी रोडवर ‘जीडी कार म्युझियम’ उघडलं. इथं गाडी कुणा महाराजाची होती याला फार किंमत नाही. तिनं मोटारीच्या तंत्रात काय नवं आणलं, यावर भर आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुढं आपण नुसतं ‘वा!’ म्हणून पुढं सरकतो, इथं ‘हे असं का केलं असेल?’ म्हणून वाकून बघावंसं वाटतं. घरच्यांना कंटाळा येईल हे गृहीत धरा. कारखान्यातले दोन-तीन दोस्त मिळून जावं.

वाकून काय बघायचं, याचा एक नमुना देतो. फोर्डची मॉडेल टी कुठंही दिसली, तर आधी ड्रायव्हरच्या पायाशी बघा. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या वर निघालेली ही गाडी. तिला खाली तीन पेडल आहेत, पण ॲक्सिलरेटर त्यात नाहीच. डावं पेडल पूर्ण दाबलं की गाडी पहिल्या गिअरवर, सोडलं की पुढच्या. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. पेट्रोल कमी-जास्त करायचं ते स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीनं, आणि डावीकडची दांडी इंजिनात ठिणगी आधी पडायची की नंतर ते ठरवते. आज रोज गाडी चालवणारा माणूस त्या सीटवर बसला तर पहिल्या चौकात भिंतीला धडकेल. मग हँडल मारायची जागा बघा, पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा बघा, पुढच्या चाकांना ब्रेक आहेत का ते बघा. जुन्या बऱ्याच गाड्यांना ते नसतात.

चौथा पर्याय नगरचा, म्हणजे आता अहिल्यानगरचा. पुण्याहून पुढं साधारण 120 किलोमीटर. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झालं, लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलचं आहे ते. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, घराघरात कुणी ना कुणी फौजेतलं. तेव्हा 1965 च्या लढाईत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा समोर उभा बघायला आपली पोरं कंटाळणार नाहीत. आणि मोटारवाल्यांसाठीही तिथं एक चीज आहे: रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी. ज्या गाडीतून संस्थानिक शिकारीला जायचे, त्याच चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पोलादी पत्रा चढवून तिला लढाईला जुंपलं. पयणमधला सगळा थाट एकीकडं आणि हे एक उदाहरण एकीकडं. मोटारीचा इतिहास मला तरी इथं जास्त कळतो. मात्र रणगाडे उघड्यावर आहेत, एप्रिल-मे टाळा, आणि जागा लष्कराची असल्यानं ओळखपत्र खिशात ठेवा.

अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा शंभराच्या वर गाड्यांचा संग्रह, उदयपूरला मेवाड संस्थानच्या मोटारखान्यातच 2000 साली उघडलेलं संग्रहालय, हरियाणात तावडूला 2013 पासूनचं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम. तिन्ही नावाजलेली, पण बेळगावहून त्यांच्यासाठीच निघावं असं मी म्हणणार नाही. तिकडं लग्न-कार्य निघालं तर जरूर जा. तिघांत तावडूचं सर्वांत ऐसपैस, मोटारीशिवाय पालख्या, रेल्वे, विमानही. मोटारीच्या आधीचं चाक बघायचं तर इतकं लांब जायचीही गरज नाही. गोव्यात बाणावलीला ‘गोवा चक्र’मध्ये बैलगाड्या आणि घोडागाड्या आहेत, चोर्ला घाटानं जाऊन दिवसात परत येता येतं.

आणि एक ठिकाण संग्रहालयाच्या यादीत कुणी धरत नाही: कोल्हापूरचा दसरा. छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार त्या संध्याकाळी दसरा चौकात येते. मेबॅक ही जर्मनीची कंपनी 1909 मध्ये झेपेलिन या हवाई जहाजांची इंजिनं बनवायला निघालेली, मोटारी तिनं 1921 पासून काढल्या. दोरीमागं उभ्या दहा गाड्यांपेक्षा स्वतःच्या इंजिनावर, माणसांच्या गर्दीतून हळूहळू येणारी ती एक गाडी मला जास्त मोलाची वाटते. निपाणीवरून तासाभराचा रस्ता, तिकीट नाही. फक्त सोनं लुटायच्या गर्दीत गाडी जवळून दिसायची तर दुपारीच जागा धरावी लागते, आणि आपली गाडी चौकापासून लांब लावून चालत यावं लागतं.

राहता राहिले ते, ज्यांच्या परसात आजोबांची फियाट ताडपत्रीखाली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार मूळ स्वरूपात राखलेली, 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. अशांनी आधी कोईमतूरला जाऊन यावं आणि मगच मेकॅनिकला बोलवावं, नाहीतर ‘नवीन करून देतो’ म्हणत तो मूळ भाग भंगारात घालील.